दत्तक नामंजूर

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात गेल्या दिवाळीनंतर एक घड्याळांचं दुकान बंद झालं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक माणूस, एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. तो माणूस गेला. मुलगा आखातात, मुलगी पुण्याला. महिन्याभरात तिथे मोबाइलची कव्हरं लटकू लागली आणि चहाच्या टेबलावर नेहमीचा वाद सुरू झाला. एक म्हणाला, आमच्या पोरांना काम नको, त्यांना सरकारी नोकरीच हवी. दुसरा म्हणाला, सगळं भायल्यांच्या, म्हणजे बाहेरच्यांच्या, हातात चाललंय. हाच वाद मी पाव भाजणाऱ्या पोदेरांच्या भट्ट्यांबद्दल ऐकलाय, केशकर्तनालयांबद्दल ऐकलाय, शिंप्यांबद्दल ऐकलाय. ग्रामसभेत ऐकलाय आणि वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात वाचलाय. वीस वर्षांत तो एक पाऊल पुढे सरकलेला नाही, कारण ज्याला दोष द्यायचा तो पंचवीस वर्षांचा मुलगा तिथे नसतो आणि ज्याच्यावर राग काढायचा तो बाहेरून आलेला माणूस त्या वेळी आपलं काम करत असतो. टेबलाभोवती जे बसलेले असतात ते मात्र बहुतेक पंचावन्न ते साठ वयाचे. हातपाय धड, घर स्वतःचं, मुलं मार्गी लागलेली, निवृत्ती दोन-चार वर्षांवर. ते जिन्याखालचं दुकान आपल्यापैकी कुणी चालवायला घेतलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या टेबलावर कुणीच काढला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. एका माणसाच्या हातावर चालणारा धंदा मालक थकला की बंद पडलाच पाहिजे असं नाही. तो पुढे नेण्यासाठी तरुणाच्या नावाने हाका मारत बसण्याचीही गरज नाही, कारण पुष्कळ वेळा त्या धंद्याला सर्वांत योग्य वारस निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा माणूस असतो. त्याने तो विरंगुळा म्हणून नव्हे, तर शिकून, हिशेब मांडून, रीतसर ताब्यात घ्यावा. आणि घरमालकांनी, नातेवाइकांनी, कायद्याने त्याच्या वाटेत उभं राहू नये. हे मी काठावर बसून सांगत नाही. एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागातून अठ्ठावन्नाव्या वर्षी मी निवृत्त झालो आणि फोंड्यातच पेटी (हार्मोनियम) दुरुस्तीचं एक दुकान ताब्यात घेतलं. त्याआधी दोन वर्षं दर शनिवारी आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी तिथे दुकानाचे जुने मालक मेस्त यांच्या शेजारी बसलो होतो.

आपल्याला शाळेत डलहौसी शिकवला गेला. १८४८ साली त्याने सातारा खालसा केलं, १८५४ साली झाशी आणि नागपूर. कारण एकच, औरस वारस नाही आणि दत्तक मान्य नाही. आमच्या शेजारी कित्तूरला तर १८२४ सालीच हा खेळ होऊन गेला होता. आजही झाशीचं नाव निघालं की आपलं रक्त तापतं, कारण दत्तक घेणं ही आपल्या समाजाची शहाणपणाची रीत होती. घर चालू राहावं, देवाचा दिवा विझू नये, कुळाचं नाव राहावं, म्हणून परक्याचा मुलगा आपण मांडीवर घेत होतो. मग दुकानाच्या बाबतीत आपण सगळे डलहौसी कसे झालो? पोटचा मुलगा पुढे आला नाही की धंदा खालसा. शेजारच्या गल्लीतला, ओळखीतला, हौसेने शिकणारा, जन्मभर तिथे गिऱ्हाईक म्हणून येणारा माणूस मालकाच्या डोळ्यांसमोर उभा असतो, पण तो वारस म्हणून कुणाला दिसत नाही. मालकालाही नाही. 'आमच्या मागे कोण आहे?' असं तो म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात फक्त आखातातला मुलगा असतो.

खरं तर रक्ताबाहेरचा वारसा काय करू शकतो हे गोव्याला कुणी शिकवायला नको. उस्ताद अल्लादियाखाँची गायकी मुलांनी गायलीच, पण ती घराघरांत पोचली ती केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांच्या गळ्यांतून. उत्तरेतल्या अत्रौलीची विद्या, शिकणाऱ्या गोव्याच्या. कुर्डी गाव पुढे साळावलीच्या धरणात गेलं. मोगूबाईंनी घेतलेलं गाणं त्यांच्या मुलीच्या, किशोरीताईंच्या, गळ्यात राहिलं. गाण्याच्या बाबतीत आपण 'घराणं' म्हणतो आणि त्यात शिष्याला मुलाच्या बरोबरीने बसवतो. पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या, पुस्तकं बांधणाऱ्याच्या, तराजू नीट करणाऱ्याच्या विद्येला तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

आता तरुण का येत नाही, ते बघू. त्याला आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी हिशेबाचा माणूस असल्यामुळे आधी वही उघडली. मेस्तांच्या दुकानात सरासरी महिन्याला अठ्ठावीस हजारांचं काम यायचं. चतुर्थीच्या आधी दीड महिना दुप्पट, भर पावसात निम्मं. त्यातून भाडं चार हजार. सूर (पेटीत वाजणाऱ्या पितळी पट्ट्या), चामडं, कापड, सरस, लाकूड मिळून सात हजार. उरले सतरा हजार. सत्तावीस वर्षांच्या मुलाने सतरा हजारांत लग्न करायचं, घराचा हप्ता भरायचा, मूल शाळेत घालायचं? तो आला नाही हे त्याचं शहाणपण आहे. पण तेच सतरा हजार माझ्या हातात आले की त्यांचा अर्थ बदलतो. माझं घर फिटलेलं आहे, मुलगी कमावते, भविष्यनिर्वाह निधीचं व्याज येतं. खासगी नोकरीतल्या माणसाची पेन्शन किती असते हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान रक्कम २०१४ पासून महिना १००० रुपये आहे, आणि तीस वर्षं नोकरी केलेल्यांनासुद्धा काही हजारांपलीकडे फारसं मिळत नाही. त्या पेन्शनच्या शेजारी सतरा हजार ठेवून बघा. जो धंदा एका संसाराला पुरत नाही, तो अर्ध्या संसाराला भरपूर पुरतो. आपण म्हणतो लहान धंदे संपले. ते संपलेले नसतात, ते एका विशिष्ट वयाच्या माणसाच्या मापाचे झालेले असतात, आणि त्या मापाची माणसं गावोगावी आहेत.

याला जे विरोध करतात त्यांची बाजू मी हलकी मानत नाही. त्यांचा पहिला मुद्दा असा की एकट्याच्या धंद्यात विकत घेण्यासारखं काही नसतंच. गिऱ्हाईक माणसाकडे येतं, दुकानाकडे नाही. मेस्तांचा कान होता म्हणून भजनी मंडळं लांबून पेट्या घेऊन यायची. तो कान काय खरेदीखतात लिहून मिळतो? हे अगदी खरं आहे. धंद्याच्या हिशेबातला पहिला नियमच हा की मालकाची मजुरी वजा करा आणि मग उरतो तो नफा. सतरा हजारांतून एका कुशल माणसाची मजुरी वजा केली तर उरतं शून्य. म्हणजे या दुकानाला 'नावाची' म्हणून काही लाख रुपये किंमत मागणं चुकीचं आणि देणं त्याहून चुकीचं. पण म्हणून घेण्यासारखं काहीच नव्हतं का? हत्यारं होती. गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांचे डबे होते, काही आता मिळणार नाहीत असे. चाळीस वर्षांच्या सहा वह्या होत्या, कुठल्या देवळाची कुठली पेटी, कधी भाता बदलला, कुठली काळी पट्टी पावसात अडकते, सगळं लिहिलेलं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मेस्त स्वतः जिवंत आणि बसते होते.

म्हणून आम्ही जे ठरवलं ते सांगतो, कारण याबद्दल कुणी कुणाला सांगत नाही. हत्यारं आणि माल मोजून नव्वद हजार रुपये मी रोख दिले. नावाचे पैसे एकदम दिले नाहीत. जुन्या वह्यांतल्या गिऱ्हाइकांचं जे काम येईल, त्यातून खर्च जाता उरलेल्या पैशांचा चौथा हिस्सा तीन वर्षं मेस्तांना. यामुळे त्यांना दर महिन्याला काहीतरी येतं, आणि गिऱ्हाईक टिकावं यात त्यांचाही जीव गुंततो. पहिल्या चतुर्थीला ते रोज येऊन बसले. कुणी पेटी घेऊन आला की म्हणायचे, 'हे करतात आता, मी ऐकतो.' ते एक वाक्य कुठल्याही खरेदीखतात बसलं नसतं. ज्यांना वाटतं विश्वास हस्तांतरित होत नाही, त्यांनी तो होताना बघितलेला नाही. तो कागदाने होत नाही, शेजारी बसून होतो, आणि त्याला वेळ लागतो. मालक मेल्यावर दुकान घेणाऱ्याच्या हाती खरोखरच फक्त फळ्या लागतात.

शिकण्याबद्दल बोलायला हवं, कारण विरोधकांचा दुसरा मुद्दा तिथेच आहे. साठी बुद्धी नाठी. या वयात कोण काय नवीन शिकणार? बोट थरथरतं, नजर अधू होते, कान वरचे सूर गमावतो. माझा स्वतःचा अनुभव संमिश्र आहे आणि तो तसाच सांगतो. पेटीचा सूर म्हणजे पितळेच्या पट्टीवर बसवलेली एक पातळ जीभ. टोकाकडे कानशीच्या हलक्या हाताने घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. एका वाक्यात सांगून झालं, हातात यायला मला आठ महिने लागले. जरा जास्त घासलं की जीभ गेली, ती परत जाड होत नाही. पहिल्या वर्षात मी किती सूर वाया घालवले याची नोंद वहीत आहे, त्यांचे पैसे मी भरले. गोव्याच्या हवेत खारटपणा, त्यात चार महिने पाऊस. पितळेवर हिरवा गंज धरतो, लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात, भात्याच्या घडीतलं चामडं सरस सोडतं. सुरुवातीला मी सगळं डोळ्यांनी शोधत होतो. मेस्त एकदा म्हणाले, 'पळोवन जावचें ना बाब, आयकूंक जाय.' म्हणजे बघून होणार नाही, ऐकायला हवं. आणि त्यांनी दिवा मालवला. त्या अंधारात काळी चारचा पंचम आणि त्याच्या वरचा षड्ज धरून मी कितीतरी वेळ नुसता भाता मारत होतो. दोन सूर जरा वेगळे असले की त्यांच्यात एक लाट उठते, हळू, दम लागल्यासारखी. ती लाट पुसली गेली की सूर मिळाला. विसाव्या वर्षी मला ती लाट ऐकायला धीर नव्हता. आता आहे.

वयाने हात मंद होतो हे मान्य. पण पेटी दुरुस्तीसारख्या कामाला जे लागतं, म्हणजे घाई न करणं, पैशाची नोंद नीट ठेवणं, गिऱ्हाइकाला 'आज नाही, गुरुवारी देतो' असं सांगून गुरुवारीच देणं, ते नोकरीत तीस वर्षं घासलेल्या माणसाकडे तरुणापेक्षा जास्त असतं. मेस्तांची विद्या मोठी होती, पण त्यांच्या वह्यांत उधारी बुडालेली होती. मी पहिल्या सहा महिन्यांत तिची यादी काढून बरीचशी वसूल केली. घेणारा फक्त घेत नाही, तो आपल्या आयुष्यातलं काही त्यात घालतो. आणि वयाचा दाखलाच हवा असेल तर धोंडो केशव कर्व्यांचा घ्या. १८५८ चा जन्म. १९१४ साली फर्ग्युसनमधून निवृत्त. १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना. म्हणजे वय अठ्ठावन्न, आज ज्या वयाला आपण खासगी नोकरीतल्या माणसाला शाल-श्रीफळ देऊन 'आता आराम करा' म्हणतो. मी माझी तुलना त्यांच्याशी करत नाही. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस संपतो हा नियम कुणी केला, एवढंच विचारतो.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तोच सर्वांत बळकट आहे. निवृत्तीचे पैसे ही आयुष्यभराची एकच पुंजी. ती बुडाली तर पुन्हा कमवायला वर्षं नाहीत. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाने ग्रॅच्युइटी आणि निधी दोन्ही घालून चालती बेकरी घेतली. हिशेब बघितले नव्हते, भट्टीवरचे कामगार जुन्या मालकाबरोबर गेले, दीड वर्षात बेकरी बंद. आज त्या घरात त्या विषयावर कुणी बोलत नाही. आणि गोव्याने याहून मोठा धडा बघितलेला आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा २०१८ साली थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या कितीतरी घरांनी सगळी जमा आणि वर कर्ज ट्रकांत घातलं होतं. ट्रक अंगणात उभे आणि बँकेचे हप्ते चालू, हे चित्र ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना धंद्याच्या नावाने घाम फुटतो, यात नवल नाही.

पण नीट बघा, त्या दोन्ही ठिकाणी काय चुकलं? धंदा घेणं चुकलं नाही. सगळं एकदम, न शिकता, कर्ज काढून घालणं चुकलं. एकट्याच्या लहान धंद्याचं मोठं बळ हेच की तिथे एवढे पैसे घालावे लागतच नाहीत. जिथे मागतात तिथून उठून यावं. माझा स्वतःचा नियम असा होता: व्याजावर घर चालतं त्या रकमेला हात नाही, कर्ज नाही, आणि जी रक्कम पूर्ण बुडाली तरी बायकोला सांगताना मान खाली घालावी लागणार नाही, तेवढीच. बायकोचा उल्लेख मी मुद्दाम करतो. गोव्यात लग्न झालेल्या जोडप्याची मालमत्ता वेगळा करार नसेल तर सामाईक असते, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली ही रीत. म्हणजे नवऱ्याने धंद्यात घातलेल्या पैशांत अर्धा वाटा तिचा. पुष्कळ पुरुष हे विसरून सौदा ठरवून घरी येतात. माझ्या बायकोने वह्या बघायला मागितल्या, दोन पावसाळ्यांचे आकडे वेगळे काढायला लावले आणि मग हो म्हणाली. तिच्यामुळे नव्वद हजारांवर थांबलो, नाहीतर मी सव्वा लाख द्यायला निघालो होतो.

आणखी एक आक्षेप मला एका तरुण मुलानेच घेतला. तुम्ही लोक नोकरीतही साठीपर्यंत बसणार आणि धंद्यातही, मग आम्ही कुठे जायचं? त्याचा राग मला समजतो. जिथे रांगेत तरुण उभा आहे तिथे माझ्या वयाच्या माणसाने मध्ये घुसू नये, हे मी शब्दशः मानतो. गावातल्या मुलाला वायरमनचं काम घ्यायचं असेल, सलून चालवायचं असेल, तर त्याला आधी द्या. पण त्या जिन्याखालच्या घड्याळाच्या दुकानापुढे रांग कुठे होती? आणि ही दुकानं मधली दहा वर्षं चालू राहिली तरच पुढे कधी तरुणाला घेता येतील. बंद पडलेल्या धंद्याची विद्या परत येत नाही. बाहेरून आलेल्या माणसाबद्दलही माझं हेच मत आहे. बेळगावहून किंवा बिहारहून आलेला मुलगा मेस्तांच्या शेजारी दोन वर्षं बसला असता तर तोच खरा वारस होता आणि मी आनंदाने त्याच्याकडे पेटी घेऊन गेलो असतो. गोवेकर स्वतः मुंबईला गेले, आफ्रिकेला गेले, आखातात गेले आणि दुसऱ्यांच्या गावात कसब दाखवून उभे राहिले. 'भायले' हा शब्द तोंडात घोळवताना आपण आपल्याच आजोबांना विसरतो. माझी तक्रार कव्हरं विकणाऱ्या त्या मुलाविरुद्ध नाही. त्याने रिकामी जागा घेतली. ती रिकामी आपण केली.

जिथे माझी तक्रार आहे तो भाग कायद्याचा आणि जागेचा. धंदा घ्यायचं ठरल्यावर सर्वांत जास्त वेळ गेला तो दुकानाच्या जागेत. गोव्यात भाडेकरूंसाठी १९६८ चा कायदा आहे. भाडेकरूने घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय जागा दुसऱ्याच्या हाती दिली, तर त्याला बाहेर काढायला तेवढं कारण पुरतं. घरमालकाच्या बाजूने हे योग्य आहे, मान्य. त्याच्या नकळत त्याच्या घरात कोण बसतंय हे त्याला कळायला नको? पण परिणाम काय होतो ते बघा. मुलाने दुकान चालवलं तर जुनं भाडं चालू, शिष्याने चालवलं तर नवा करार, नवं भाडं, वर पागडी. इथेही औरस आणि दत्तक असाच भेद. आमच्या घरमालकाने आधी भाडं तिप्पट मागितलं. वहीतले आकडे समोर ठेवले, तिप्पट भाड्याला हे दुकान दोन महिन्यांत बंद होईल हे दाखवलं, तेव्हा दीडपटीवर आला आणि तेही अकरा महिन्यांच्या करारावर. दर अकरा महिन्यांनी ज्याच्या डोक्यावर तलवार आहे तो नवीन भाता करायला चांगलं लाकूड कशाला आणून ठेवेल? जिथे जुना कारागीर स्वतः आपला वारस नेमतो आणि दोघे मिळून काही काळ काम करून दाखवतात, तिथे किमान पाच वर्षांचा करार आणि वाजवी भाडेवाढ, एवढी तरतूद सरकारने करावी. घरमालकालाही त्यात भाडं वाढवून मिळतं, म्हणजे त्याचं नुकसान नाही.

वारसाहक्काचाही एक पेच आहे. गोव्यात माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, इच्छापत्राने तो हिरावता येत नाही, आणि वाटणीसाठी इन्व्हेंतारची, म्हणजे मालमत्तेची यादी करण्याची, प्रक्रिया चालते. हे चांगलं आहे, मुलींना त्याने हक्क दिला. पण म्हणूनच मालकाने हयातीत धंदा दुसऱ्याच्या नावे करून देणं महत्त्वाचं. उशीर झाला की कानशी आणि सुरांचे डबेसुद्धा चार देशांत पसरलेल्या वारसांच्या सहीची वाट बघत कपाटात पडून राहतात. मेस्तांच्या मुलाशी आम्ही आधी बोललो. तो म्हणाला, 'बाबांना रोज कुठेतरी जायला मिळालं तर मला यातलं काही नको.' कागदावर त्यानेही सही केली, मेस्तांच्या पत्नीनेही. बाकी कागदपत्रं म्हणाल तर फार नाहीत. व्यवसाय परवाना आपल्या नावे काढावा लागतो. जीएसटीची नोंद पॅनला जोडलेली असते, त्यामुळे जुन्या मालकाची नोंद घेणाऱ्याला चालत नाही. पण सेवेसाठी वीस लाखांच्या उलाढालीखाली ती सहसा लागतच नाही. इतक्या लहान दुकानांचा तिच्याशी संबंध येत नाही.

सरकारी नोकरांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण गोव्यात साठीला पोचणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी आहे. नोकरीत असताना परवानगीशिवाय धंदा करता येत नाही, हा नियम मोडावा असं मी म्हणणार नाही. खुर्चीवर बसून दुकान चालवणारे आपण पाहिलेले आहेत. पण शिकणं म्हणजे धंदा नव्हे. शेवटच्या दोन वर्षांत रजेच्या दिवशी, बिनपैशाने, एखाद्या कारागिराच्या शेजारी बसण्याला कुणी हरकत घेणार नाही असं एक साधं परिपत्रक निघालं, तर कितीतरी माणसांची भीड चेपेल. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात करणारा उशिरा सुरुवात करतो. कारण तोपर्यंत मेस्त थकलेले असतात.

जपानमध्ये हा प्रश्न आपल्या आधी आला, कारण तिथे मालक आधी म्हातारे झाले. तिथे मुलगा नसेल तर जावयाला दत्तक घेऊन, घराण्याचं नाव देऊन पेढी सोपवण्याची रीत जुनी आहे. सुझुकी मोटर कंपनी कित्येक वर्षं चालवणारे ओसामू सुझुकी असेच जावई म्हणून त्या घरात आलेले. आता तर वारस नसलेला मालक आणि धंदा शोधणारा माणूस यांची गाठ घालून देणारी सरकारी केंद्रं तिथे प्रत्येक प्रांतात आहेत. आपल्याकडे एवढ्या थाटाची गरज नाही. पालिकेत आणि पंचायतीत एक वही ठेवावी. एका पानावर थकलेल्या कारागिराने नाव लिहावं, दुसऱ्या पानावर शिकू इच्छिणाऱ्याने. व्यवसाय परवान्याचं नूतनीकरण करायला मालक तिथे येतोच, 'पुढे कोण?' असं कारकुनाने एकदा विचारलं तरी पुरे.

एक प्रश्न राहतो, तो मला सर्वांत जास्त छळतो. मी घेतलं, ठीक. पण मी सत्तरीला पोचल्यावर काय? दहा वर्षांनी हाच खड्डा पुन्हा. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जे आहे ते एवढंच की मेस्तांनी चौसष्टाव्या वर्षी जे करायला हवं होतं ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी केलं, आणि मला ते आजच सुरू करायला हवं. शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई आहेत, सत्तेचाळीस वर्षांच्या. शाळेच्या पेट्या त्या आमच्याकडे आणतात. जूनमध्ये एक पेटी उघडी ठेवून मी सुराची पट्टी काढत होतो, तेव्हा त्या उभ्या राहून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'सर, मी करून बघू?' मी कानशी त्यांच्या हातात दिली. मेस्त कोपऱ्यात बसले होते. त्यांनी उठून दिवा मालवला.